बाल्कनीतला किल्ला

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी आमच्या थिएटरमध्ये जाहीर झालेला प्रयोग झाला नाही. तोच खेळ, त्याच कलावंतांनी, त्याच संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या चर्चच्या सभागृहात केला. त्यातला एक प्रवेश वगळण्यात आला. थिएटरच्या दारावरच्या बोर्डाचे दिवे टायमरवर होते. ते नेहमीप्रमाणे लागले आणि खाली कुणी नसताना कार्यक्रमाचं नाव दाखवत राहिले.

थिएटर नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीपासून गाडीनं पाऊण तासावरच्या एका लहान गावात आहे. मी तिथे तारखा लावण्याचं काम करते. पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या लावायचे, इथे दौऱ्यावरच्या कंपन्या लावते. काम फारसं वेगळं नाही. दोन्हीकडे जागा कमी असते आणि ज्याला जागा मिळते तो स्वतःला गुणवान समजतो.

कंपनी अटलांटाहून वर निघाली की शुक्रवार कुठे, शनिवार कुठे, मधल्या दिवशी सामानाचा ट्रक किती मैल जाईल, यावर सगळं ठरतं. मराठी नाटकांचे दौरेही असेच चालतात. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत शुक्रवारी, आमच्याकडे शनिवारी, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला रविवारी, आणि नटांनी झोपायचं विमानात. एवढा फरक आहे की मराठी नटाला हॉटेल मिळत नाही. त्याला तिथल्या मराठी मंडळाच्या कुणाच्या तरी घरी उतरवतात आणि जेवताना त्यानं यजमानांच्या नातेवाइकांसाठी व्हिडिओ करून द्यावेत अशी अपेक्षा असते.

थिएटर शंभरीला आलेलं आहे. बांधलं तेव्हा त्यात कृष्णवर्णीय कलावंतांच्या फिरत्या कंपन्या यायच्या. गाणं, नाच, नकला, जादू, दोन माणसांचे विनोदी प्रवेश, असा एका संध्याकाळचा मिश्र खेळ असायचा. त्याला वॉडव्हिल म्हणत. कंपनीनं कुठल्या गावी कधी जायचं हे दूरच्या शहरातलं एक ऑफिस ठरवायचं. आमच्या थिएटरात गोरे प्रेक्षक खाली बसत आणि कृष्णवर्णीय वर, बाल्कनीत. बाल्कनीला आतून रस्ता नव्हता. इमारतीच्या बाजूला बोळात एक दार आहे आणि त्यामागे अरुंद जिना. वरच्या प्रेक्षकांनी तिथूनच यायचं आणि तिथूनच जायचं.

ही माहिती थिएटरच्या लॉबीत लावलेल्या पितळी पाटीवर नाही. पाटीवर लिहिलं आहे, ‘या वास्तूनं सर्वांना हसवलं.’ हा मजकूर संचालक मंडळाच्या अध्यक्षांचा आहे. ते निवृत्त दंतवैद्य आहेत. लोकांनी तोंड उघडावं आणि बोलू नये, ही त्यांची जुनी सवय सभांमध्येही कामी येते.

शंभरीच्या वर्षात त्यांना ‘वारसा’ हवा होता. हे जुने खेळ आज नव्यानं करणारी एक कंपनी अमेरिकेच्या दक्षिणेत फिरते. तिची मालकीण आणि मुख्य नटी सत्तरीपुढची आहे. कंपनीत सगळे तिला नुसतं ‘मॅम’ म्हणतात. इथे मी तिला बाई म्हणेन. बाईंनी आमच्या थिएटरकडे याआधी अनेकदा तारीख मागितली होती. प्रत्येक वेळी अध्यक्षांनी सांगितलं होतं की हा खेळ आमच्या प्रेक्षकांना रुचणार नाही. शंभरी आल्यावर प्रेक्षकांची रुची एका बैठकीत सुधारली.

फोनवर बाईंनी एकच अट घातली. बाल्कनी उघडायची आणि तिच्यात माणसं बसवायची.

“एक प्रवेश वरच्यांसाठी आहे,” त्या म्हणाल्या. “माझी आजी करायची, तुमच्याच स्टेजवर. मोलकरीण मॅडमला तिची हॅट देते. म्हणते, ‘मॅडम, तुमची हॅट. जशी ठेवायला दिलीत तशीच आहे.’ खालचे लोक एक गुणी मोलकरीण बघतात. मग ती मान वर करून बाल्कनीकडे बघते आणि स्वतःचे केस नीट करते. हॅट नुकतीच स्वतःच्या डोक्यावरून काढल्यासारखं. वर हशा होतो. खाली कुणाला कळत नाही की वरचे का हसले. एवढाच प्रवेश आहे. वर कुणी नसेल तर तो नाहीच.”

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांची मावशी याच गावात राहते. नव्वदी ओलांडली आहे. आपल्या आईला, म्हणजे बाईंच्या आजीला, हा प्रवेश करताना तिनं बाल्कनीतून पाहिलं होतं. तो पाहिलेली जिवंत व्यक्ती आता ती एकटीच.

“मावशी म्हणते, मी चुकीचं करते. मी मधोमध बघते. आजी म्हणे डाव्या कोपऱ्यात बघायची, पोरं बसायची तिथे. मी तिला म्हटलं, तिथे बसून दाखव. ती चर्चच्या पायऱ्यांवर रोज चढउतार करते आहे. मे महिन्यापासून. ऐक पोरी, ती फार दिवस चढू शकणार नाही. म्हणून हीच तारीख.”

मी तारीख लावली.

बाल्कनी गेली काही वर्षं आमच्या मराठी मंडळाकडे होती. मंडळ वर्षातून दोनदा थिएटर भाड्यानं घेतं, सगळ्या खुर्च्या भरतात आणि मध्यंतरातले बटाटेवडे थिएटरच्या अध्यक्षांना फार आवडतात. एकदा वडा खाता खाता त्यांनी मंडळाला सामान ठेवायला बाल्कनी देऊन टाकली. म्हणाले, वर नाहीतरी कोण जातं. बोळातल्या दाराची किल्ली मंडळाकडे गेली. गणपतीचं मखर, ढोल, तुळशीच्या लग्नाचं वृंदावन, पोह्यांची पातेली, सगळं त्या जिन्यानं वर चढलं.

उन्हाळ्यात तिथे किल्ला बांधायला घेतला. गेल्या दिवाळीत फ्रिस्कोच्या मंडळानं मुलांसाठी किल्ला केला होता आणि त्याचे फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरले होते. त्याच रात्री आमच्या मंडळाचं काय करायचं ते ठरलं. किल्ला फ्रिस्कोपेक्षा उंच करायचा. दर शनिवारी सात-आठ इंजिनिअर बाल्कनीत जमत. प्लायवुड, जाळी, फवारायचा फोम, त्यावर प्लॅस्टर. बुरूज, दरवाजा, वर सिंहासन आणि सिंहासनावर महाराज. किल्ला डाव्या कोपऱ्यात होता, कारण तिथे प्रकाश बरा यायचा.

सप्टेंबरमध्ये अग्निशमन खात्याचा निरीक्षक बाल्कनी बघून गेला. किल्ला काढला तर माणसं बसवता येतील, तो असेपर्यंत एकही नाही, असं त्यानं सांगितलं. मखर आणि ढोल एका दुपारी खाली आले. किल्ला आला नाही. तो जिन्यापेक्षा रुंद होता.

या प्रश्नावर मंडळाची बैठक कॅरीत मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या जादा खोलीत, म्हणजे बोनस रूममध्ये झाली. ते एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. मी थिएटरतर्फे गेले होते.

“डिझाइन मॉड्युलरच होतं,” मुख्य डिझायनर म्हणाला. तो नागपूरचा आहे आणि दिवसा बँकेची सॉफ्टवेअर सांभाळतो. “पाच पीसेस. क्लिअरली सांगितलं होतं. मग कुणीतरी जॉइंट्समध्ये फोम ओतला.”

“कुणीतरी म्हणजे तूच यार,” शेजारचा म्हणाला. “व्हिडिओ आहे माझ्याकडे. मागे पोवाडा लावलाय.”

“तो स्ट्रेंथसाठी होता.”

“जिना कुणी मोजला होता का?” मी विचारलं.

जिना कुणी मोजला नव्हता. खोलीत स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचे दोन पदवीधर आणि एक पीएचडी होते.

“मग दोन तुकडे करा,” मी म्हटलं. “करवतीनं एका दुपारचं काम आहे. खाली आणून परत जोडा.”

काकांनी चष्मा काढला. “ताई, तुम्ही पेपरवाल्या, तुम्हाला शब्द जपून वापरायची सवय असेल असं मला वाटत होतं. दिवाळीच्या तोंडावर महाराजांचा किल्ला करवतीनं कापायचा? धराल तुम्ही करवत?”

“धरेन. आधी महाराजांना उचलून बाजूला ठेवा.”

“ते फोममध्ये फिक्स आहेत,” डिझायनर म्हणाला.

“आणि उद्या फोटो फिरला म्हणजे?” कुणीतरी म्हणालं. “नॉर्थ कॅरोलिनात किल्ला तोडला. फ्रिस्कोवाले फ्रेम करून लावतील.”

यानंतर तोडणं हा शब्द कुणी उच्चारला नाही. जे करायचं नाही त्याला भावना म्हणायचं ही सोय आमच्या लोकांनी सामानाबरोबर आणली आहे आणि कस्टम्समध्ये ती कुणी उघडून बघितली नाही.

“पण मला एक कळत नाही,” एक काकू म्हणाल्या. त्या मंडळाच्या सांस्कृतिक समितीवर आहेत. “खाली एवढ्या खुर्च्या असताना त्या म्हाताऱ्या बाईला वर कशाला चढवायचं? वर बसवणं हा तर त्यांचा अपमान होता ना? आपण त्यांना खाली बसवतोय. पहिल्या रांगेत.”

“एक्झॅक्टली,” काका म्हणाले.

मी हॅटचा प्रवेश सांगितला. डाव्या कोपऱ्याचं सांगितलं. मावशींच्या पायऱ्यांचं सांगितलं.

“ओके, ओके, म्हणजे इमोशनल व्हॅल्यू आहे,” काका म्हणाले. “मग आपण त्यांचा सत्कार करू. दोघींचा. शाल-श्रीफळ. स्टेजवर.”

“आणि काळ्यांचा शो आहे,” मागून एकजण म्हणाला, “तर पार्किंगला जरा सिक्युरिटी वाढवायला सांगा.”

चहा आला. सत्काराचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. शाल कुठून आणायची यावर मात्र बराच वेळ चर्चा झाली, कारण मागच्या वेळच्या शाली पॉलिएस्टरच्या निघाल्या होत्या.

मी दंतवैद्यांकडे गेले. किल्ला थिएटरच्या जागेत आहे, जागा त्यांची आहे, त्यांनी तो काढायला सांगितलं तर मंडळाला काढावा लागेल, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ही त्या समाजाची धार्मिक बाब आहे, आपण तिचा आदर करायला हवा. किल्ला धार्मिक नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही आतल्या आहात, तुम्हाला ते जाणवणार नाही. मग त्यांनी स्वतःचा उपाय सांगितला. बाल्कनीत दोन स्पीकर ठेवायचे. बाईंनी मान वर केली की ध्वनिमुद्रित हशा सोडायचा. तंत्रज्ञाशी त्यांचं बोलणंही झालं होतं.

“हे बाईंना कोण सांगणार?” मी विचारलं.

“मी सांगतो,” ते म्हणाले. “योग्य वेळी.”

गुरुवारपर्यंत योग्य वेळ आली नव्हती. मी फोन केला आणि बाईंना सगळं सांगितलं. किल्ला, फोम, स्पीकर, शाल.

“त्या हशाला माझं टायमिंग कळेल का?” त्यांनी विचारलं.

“बटण दाबायला माणूस आहे.”

“तो खाली बसतो की वर?”

“खाली.”

“मग तो उशिराच हसणार,” त्या म्हणाल्या. “आम्ही येतो. मावशीला घेऊन येते. तुम्ही मला सांगताय ते तिला तुमच्या दोन्ही अध्यक्षांनी सांगावं, तिच्या तोंडावर. आणि बोळातलं दार उघडं ठेवा.”

शनिवारी दुपारी कंपनीचं सामान स्टेजच्या मागच्या दारी उतरत होतं. बाई आणि मावशी बोळात उभ्या होत्या. मावशी ठेंगण्या, चर्चला जातात तशा कपड्यांत, डोक्यावर निळी हॅट. दोन्ही अध्यक्ष हजर होते. काकांच्या हातात शालीचं पुडकं होतं. मी आधीच दोघांना सांगितलं होतं की जे काही बोलायचं ते जिना चढण्याआधी बोला. दंतवैद्य हवामानाबद्दल बोलले. काकांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “वेलकम, आजी.”

मावशी जिना चढू लागल्या. उजवा हात कठड्यावर, डावा भाचीच्या खांद्यावर. जिन्याला मध्ये एक वळण आहे. तिथे त्या थांबल्या आणि भिंतीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“इथे शेंगदाणे विकायला एकजण बसायचा,” त्या म्हणाल्या. “लबाड होता. अर्धी टरफलं रिकामी.”

दंतवैद्य मागून हसले. मावशींनी वळून बघितलं. ते थांबले.

वरचं दार अर्धवट उघडलं. पुढे किल्ल्याचा बुरूज होता. फटीतून एक माणूस तिरका होऊन आत जाऊ शकला असता. मावशी तिरक्या झाल्या नाहीत. त्या फटीतून आत बघत राहिल्या. कोपऱ्यात, जिथे खुर्च्या होत्या त्यांच्या वर, सिंहासन होतं.

“माझ्या जागी कोण बसलंय?” त्यांनी विचारलं.

“राजा आहे म्हणतात,” बाई म्हणाल्या.

“इथे?” मावशी म्हणाल्या. “चुकून आला असेल. राजेलोक खाली बसायचे.”

“आजी, ही इज अवर ग्रेटेस्ट किंग,” काका म्हणाले. “आमच्यासाठी ही फार इमोशनल गोष्ट आहे.”

“तिकीट काढलंय त्यानं?”

काकांनी दंतवैद्यांकडे बघितलं. दंतवैद्यांनी घसा साफ केला आणि स्पीकरबद्दल सांगितलं. आवाज अगदी नैसर्गिक आहे, ते म्हणाले, हवा तर ऐकवतो. खाली तंत्रज्ञाला त्यांनी फोन लावला. बुरुजाच्या पलीकडून पंचवीस-तीस माणसं एकदम हसली आणि एकदम थांबली.

मावशींनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

“आईला हे चाललं नसतं,” त्या भाचीला म्हणाल्या. “तिला कळायचं कोण हसलं. नंतर घरी येऊन सांगायची, अमकी उशिरा हसली.”

बाई फटीतून डाव्या कोपऱ्याकडे बघत होत्या. मावशींनी त्यांची हनुवटी धरून चेहरा थोडा खाली वळवला. “तिथे नाही. त्याच्या खाली. आता तो तिथे बसलाय, तुला दिसणार नाही.”

मग त्या उतरू लागल्या. चढण्यापेक्षा उतरायला जास्त वेळ लागला. वळणावर त्यांना बसावं लागलं. काकांनी ती संधी साधून शाल उलगडली. मावशींनी ती घेतली, बोटांत धरून पाहिली, घडी घातली आणि पायरीवर ठेवली.

बोळात आल्यावर बाईंनी आपल्या माणसांना सामान परत ट्रकमध्ये भरायला सांगितलं.

“हा करारभंग आहे,” दंतवैद्य म्हणाले.

“हो,” बाई म्हणाल्या. “तुमचा.”

चर्चच्या पाद्रींना त्यांनी फोन केला. सभागृह मिळालं. संध्याकाळी थिएटरच्या दाराशी मी उभी होते आणि येणाऱ्यांना रस्ता ओलांडायला सांगत होते. बहुतेकांनी ओलांडला. मंडळाचे लोक आले होते, सत्कारासाठी. सत्कार रद्द झाल्याचं कळल्यावर ते पार्किंगमध्ये उभे राहून जेवायला कुठे जायचं ते ठरवू लागले. काकू मला म्हणाल्या, “बघा, एवढं सगळं करूनही त्यांना किंमत नाही.” काय केलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

चर्चचं सभागृह एकमजली आहे. घडीच्या खुर्च्या, फ्लोरोसंट दिवे, एका टोकाला लाकडी फळ्यांचं छोटं स्टेज. टॅपनाच, म्हणजे बुटांनी ताल वाजवत करायचा नाच, चांगला झाला. त्या फळ्यांवर आवाज थिएटरपेक्षा चांगला येत होता. दोन विनोदी माणसांचा एक प्रवेश मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही पाहुण्या मराठी नाटकापेक्षा नेमका होता. मावशी पहिल्या रांगेत हॅट घालून बसल्या होत्या. हॅटच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, इथे वरचा मजला नाही, तेव्हा हा प्रवेश आज नाही. मग पुढचं गाणं सुरू झालं.

सोमवारी दंतवैद्यांनी स्थानिक पेपरला निवेदन दिलं. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ प्रयोगाची जागा बदलावी लागली, असं त्यात होतं. पेपरनं ते जसंच्या तसं छापलं.

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी किल्ला खाली लॉबीत आणायचा होता. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंडळाच्या तिघांनी बॅटरीच्या करवतीनं त्याचे चार तुकडे केले. मी तेव्हा ऑफिसात होते, आवाज खालपर्यंत येत होता. तुकडे जिन्यानं उतरले. लॉबीत पितळी पाटीखाली ते परत जोडले गेले आणि सांध्यांवर गवत चिकटवण्यात आलं. भाषणात काकांनी सांगितलं की किल्ल्याचं डिझाइन मॉड्युलर आहे. टाळ्या झाल्या. फोटो फ्रिस्कोला गेले.

नोव्हेंबरमध्ये मी बाईंच्या ऑफिसला कळवलं की बाल्कनी रिकामी आहे आणि निरीक्षकानं परवानगी दिली आहे. एप्रिलमधला एक शनिवार मी त्यांच्यासाठी राखून ठेवला. जानेवारीत त्यांच्या ऑफिसचा फोन आला. मावशी आता याच राज्यातल्या दुसऱ्या गावी, तळमजल्यावरच्या वृद्धाश्रमात राहतात आणि जिने चढत नाहीत. तारीख सोडून द्यावी, असा निरोप होता.

एप्रिलच्या त्या शनिवारी थिएटरमध्ये मंडळानं आणलेल्या पुण्याच्या एका विनोदी नाटकाचा प्रयोग झाला. खालच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. बाल्कनीत कुणाला सोडलं नव्हतं. तिथे पुन्हा मखर, ढोल आणि किल्ल्याचे चार तुकडे होते.